जिंकणाऱ्यांना अडवणार कोण?

२४ ऑक्टोबर २००५ रोजी युक्रेनच्या दूरचित्रवाणीवर एका पोलाद कारखान्याचा लिलाव थेट दाखवला गेला. कारखान्याचे नाव क्रिवोरिझस्ताल. तो क्रिव्ही रिह या शहरातला आणि देशातला सर्वांत मोठा. बोली सुरू झाली दोन अब्ज डॉलरच्या आसपास. आकडा चढत गेला आणि हातोडा पडला तेव्हा लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने सुमारे ४.८ अब्ज डॉलर कबूल केले होते. युक्रेनच्या खासगीकरणात एका व्यवहारातून एवढा पैसा सरकारी तिजोरीत त्याआधी कधीच आला नव्हता.

गंमत अशी, की हा कारखाना सोळा महिन्यांपूर्वीच एकदा विकून झाला होता. जून २००४मधल्या त्या विक्रीत किंमत आली होती सुमारे ८० कोटी डॉलर. घेणारे होते रिनात अख्मेतोव आणि व्हिक्टर पिंचुक. यातले पिंचुक हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुच्मा यांचे जावई. बोली लावणाऱ्याने युक्रेनमध्येच कोकचे मोठे उत्पादन केलेले असले पाहिजे, अशी अट निविदेत घातली होती. त्यामुळे जास्त पैसे द्यायला तयार असलेल्या परदेशी कंपन्या दारातच अडल्या. पुढे ऑरेंज क्रांती झाली, सरकार बदलले, पहिली विक्री रद्द झाली आणि कारखाना पुन्हा बाजारात आला. भट्ट्या त्याच, खाणी त्याच, कामगारही तेच. सोळा महिन्यांत पोलादाचे भाव काही सहापट झाले नव्हते. बदलली होती ती विकण्याची रीत, आणि तिची किंमत निघाली चार अब्ज डॉलर.

दुर्दैवाने युक्रेनमध्ये हा लिलाव अपवादच ठरला. बाकीचे कारखाने, खाणी, वीज कंपन्या आधीच ज्यांच्या हाती गेल्या होत्या, बहुतेक त्यांच्याकडेच राहिल्या.

१९८९ ते १९९१ या तीन वर्षांत पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या आणि सोव्हिएत संघ विरून गेला. एरवी प्रयोगशाळेतही जमली नसती अशी तुलना त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांच्या हाती आपोआप आली. दोन डझनांहून जास्त देश जवळपास एकाच वेळी एकाच तऱ्हेच्या व्यवस्थेतून बाहेर पडले. सगळीकडे सरकारी कारखाने, ठरवून दिलेले भाव, रिकामी दुकाने. शाळा आणि दवाखाने मात्र सर्वांसाठी. पोलंड आणि युक्रेन हे शेजारी १९९०मध्ये दरडोई उत्पन्नात जवळपास बरोबरीचे होते. युक्रेनकडे काळी सुपीक माती, कोळसा, लोखंड आणि विमान-क्षेपणास्त्रे बनवणारे अभियंते होते. पोलंडकडे परकीय कर्जाचा डोंगर होता. २०२१मध्ये, म्हणजे रशियाच्या सर्वंकष आक्रमणाच्या आदल्या वर्षी, पोलंडचे दरडोई उत्पन्न सुमारे १८ हजार डॉलर होते आणि युक्रेनचे पाच हजारांच्याही आत.

या फरकाचे नेहमीचे स्पष्टीकरण वेगाचे दिले जाते. पोलंडने झटक्यात बदल केले, युक्रेन रेंगाळला. यात तथ्य आहे, पण अर्धेच. रशियानेही झटकाच दिला होता. २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे झाले आणि त्या वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांवर गेली. लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी काही महिन्यांत मातीमोल झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबलचे व्हाउचर मिळू लागले. देशाच्या संपत्तीतला हा तुमचा वाटा, असे सांगितले गेले. एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल, हे खासगीकरणाचे शिल्पकार अनातोली चुबाईस यांचे विधान रशियात आजही कुत्सितपणे आठवले जाते. अनेकांनी आपले व्हाउचर मिळेल त्या भावाने विकून टाकले.

खरा घास मात्र १९९५च्या हिवाळ्यात गिळला गेला. सरकारकडे पैसा नव्हता आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. तेव्हा बँकांनी सरकारला कर्ज द्यावे आणि तारण म्हणून सर्वांत किफायती कंपन्यांचे समभाग घ्यावेत, अशी योजना निघाली. कर्ज फिटले नाही तर समभाग विकायची मुभा होती. कर्ज फिटणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. शिवाय हे लिलाव ज्या बँकांनी भरवले, त्यांच्याच गोतावळ्यातले लोक बोली लावत होते. जगातल्या निकेलचा मोठा हिस्सा काढणाऱ्या नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के समभाग व्लादिमिर पोतानिन यांच्या बँकेकडे १७ कोटी डॉलरला गेले. युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के समभाग मिखाईल खोदोर्कोव्स्की यांच्या गटाला सुमारे १६ कोटींना मिळाले. याला खासगीकरण म्हणायचे तर म्हणावे.

१९९८मध्ये जोएल हेलमन या राज्यशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि त्यात रूढ समजूत उलटी केली. तोवर सगळ्यांना भीती होती ती सुधारणांत होरपळणाऱ्यांची. बेकार झालेले कामगार आणि निवृत्तिवेतनावर जगणारे म्हातारे मतपेटीतून सुधारणा उलथवतील, म्हणून सरकारला लोकांपासून थोडे दूर ठेवावे, असा सल्ला दिला जाई. हेलमन यांना आकडेवारीत वेगळेच दिसले. सुधारणा अडवत होते ते पहिल्या फेरीत जिंकलेले लोक. तेल देशात स्वस्त आणि बाहेर महाग असेल तर निर्यात परवाना असलेल्याला मधला फरक खाता येतो. बँका खासगी झाल्या पण त्यांच्यावर देखरेख नसेल तर बँक मालकाचे फावते. अशा माणसाला जुनी व्यवस्था परत नको असते आणि नवी पूर्ण व्हायलाही नको असते. त्याला अर्धवट रस्ता हवा असतो. जिथे सरकारे निवडणुकीत हरत होती, आघाड्यांना सांभाळून घेत होती, तिथे सुधारणा जास्त पुढे गेल्या, असेही त्यांना आढळले.

युक्रेन हा अशा अर्धवट रस्त्याचा ठळक नमुना होता. १९९३मध्ये तिथली महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेली होती, तरी सरकार बुडीत कारखान्यांना नोटा छापून पोसत होते. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी या रोगाचे निदान फार आधी केले होते. तोटा झाला तरी वरून कोणीतरी भरून देणार, ही खात्री असलेला कारखाना कधी सुधारत नाही. साखर कारखान्यांना मिळणाऱ्या सरकारी थकहमीच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९९६-९७मध्ये युक्रेनचे पंतप्रधान असलेले पाव्हलो लाझारेन्को पुढे अमेरिकेत काळा पैसा पांढरा केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरले. त्यांच्यावर खटला चालवणारे न्यायालय सॅन फ्रान्सिस्कोत होते, कीव्हमध्ये नव्हते.

पोलंडमध्ये काय वेगळे घडले?

१ जानेवारी १९९० रोजी अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली आणि झटका इथेही जीवघेणा होता. दोन वर्षांत उत्पादन सुमारे अठरा टक्क्यांनी घसरले. पण मोठे कारखाने विकण्याची घाई पोलंडने केली नाही. कारखाना सरकारीच राहील, मात्र तोटा भरून मिळणार नाही, हा दंडक आधी बसवला गेला. कामगार परिषदा जागरूक होत्या, त्यामुळे व्यवस्थापकांना कारखाना परस्पर विकून खाणे सोपे नव्हते. शेअर बाजार १६ एप्रिल १९९१ रोजी सुरू झाला तो फक्त पाच कंपन्यांवर, तोही आठवड्यातून एक दिवस. जागा मिळाली कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात. वॉर्साच्या लोकांना यातला विनोद सांगावा लागला नाही. पण बाजारावर नजर ठेवणारा आयोग पहिल्या दिवसापासून होता आणि त्याला दात होते.

चेक प्रजासत्ताकाने याच्या नेमके उलटे केले. तिथले वाक्लाव क्लाउस बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते. व्हाउचर वाटून शेकडो कंपन्या एका दमात खासगी केल्या, त्यातल्या बहुतेक शेअर बाजारातही आल्या, पण स्वतंत्र नियामक नेमायला १९९८ उजाडले. मधल्या काळात व्हिक्टर कोझेनी यांच्यासारख्यांनी वर्षभरात दहापट परतावा देण्याची जाहिरात करून लोकांची व्हाउचरे आपल्या निधीत गोळा केली. निधीचे चालक कंपन्यांची मालमत्ता आपल्याच दुसऱ्या कंपन्यांकडे वळवत आणि छोट्या भागधारकाच्या हाती पोकळ कागद उरे. भुयार खणून माल बाहेर काढावा तसा हा प्रकार, म्हणून चेक लोक त्याला ‘तुनेलोवानी’ म्हणू लागले. चेक प्रजासत्ताक आज पोलंडहून श्रीमंत आहे, हेही सांगायला हवे. पण ते सुरुवातीपासूनच श्रीमंत होते, आणि नव्वदच्या दशकात पोलंड त्याच्यापेक्षा बराच वेगाने वाढला.

मोठ्या कंपन्यांच्या या कथांमध्ये कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र हरवतो. टिमथी फ्राय आणि आंद्रेई श्लायफर या दोन संशोधकांनी १९९६मध्ये मॉस्को आणि वॉर्सा इथल्या शंभराहून थोड्या अधिक छोट्या दुकानांची पाहणी केली. दुकान नोंदवायला मॉस्कोत सरासरी पावणेतीन महिने लागत, वॉर्सात तीन आठवडे. वर्षभरात मॉस्कोच्या दुकानदाराकडे सरकारी तपासनीस दुपटीने जास्त वेळा येत. गेल्या सहा महिन्यांत खंडणीवाल्यांशी गाठ पडली का, या प्रश्नाला मॉस्कोत ३९ टक्के हो म्हणाले, वॉर्सात ८ टक्के. दुकान चालवायला ‘क्रिशा’ म्हणजे कोणाचे तरी छत्र लागतेच, असे मॉस्कोतल्या तीन-चतुर्थांश दुकानदारांना वाटत होते. वॉर्सात असे म्हणणारे शंभरात सहा निघाले. दोन्ही शहरांत भाव मोकळे होते, दोन्हीकडे मालकी खासगी होती. मोठी मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, यापेक्षा आपल्या गल्लीत शेवटचा शब्द कोणाचा चालतो, हाच प्रश्न दुकानदाराच्या रोजच्या जगण्यात होता.

वॉर्साच्या उत्तराची पाळेमुळे एका अशा कायद्यात आहेत, ज्याची चर्चा अर्थतज्ज्ञांच्या मैफलीत क्वचित होते. ८ मार्च १९९०च्या कायद्याने ‘ग्मिना’ म्हणजे गाव-नगरपातळीची स्वराज्य संस्था पुन्हा उभी राहिली. तिच्यामागे येझी रेगुल्स्की हे अर्थशास्त्रज्ञ होते. कम्युनिस्ट राजवटीत अशा संस्थांना काही अर्थ नव्हता, तेव्हापासून ते यावर काम करत होते. १९८९मध्ये विरोधकांबरोबर झालेल्या गोलमेज चर्चेत कम्युनिस्ट सरकारने बरेच काही मान्य केले, पण स्थानिक सत्ता सोडायला ते तयार झाले नाही. वर्षभरातच काळ बदलला. २७ मे १९९० रोजी सुमारे २,४०० ग्मिनांच्या निवडणुका झाल्या आणि पन्नास हजारांहून अधिक सदस्य निवडून आले. कोणाला पालिकेचा अनुभव नव्हता, कोण शिक्षक, कोण डॉक्टर, कोण ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीचा कार्यकर्ता.

या कायद्याने ग्मिनांना नुसती निवडणूक दिली नाही. पाणीपुरवठा, स्थानिक रस्ते, जमिनी, गाळे, सरकारी घरे ही मालमत्ता त्यांच्या नावावर झाली. स्वतंत्र अंदाजपत्रक, आयकरातला वाटा आणि केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला. किरकोळ दुकाने झपाट्याने खासगी हातात गेली ती बऱ्याच अंशी या गाळ्यांमुळे. ग्मिना गाळे भाड्याने देई, भाडे न देणाऱ्याला काढी, आणि भाड्याच्या पैशातून गटारे दुरुस्त करी. दुकान चालले तर आपलेच उत्पन्न वाढते, हे नगराध्यक्षाला कळत होते. जुन्या पक्षयंत्रणेचा जिल्ह्याजिल्ह्यातला आधार यातून निसटला, कारण परवाना आणि जागा देण्याचे अधिकारच तिच्या हातून गेले. रशियात आणि युक्रेनमध्ये गव्हर्नर वरून नेमले जात किंवा वरच्याशी सौदा करून टिकत, त्यामुळे तिथे हा फाटा फुटलाच नाही.

संस्थांचा हा हिशेब माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचतो. रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९०मध्ये सुमारे ६४ वर्षे होते. १९९४मध्ये ते ५७.६वर आले. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही, तरी चार वर्षांत सहा वर्षांचे आयुष्य गेले. मरणारे बहुतेक कामाच्या वयातले पुरुष होते आणि कारणे होती हृदयविकार, दारू, विषबाधा, अपघात, आत्महत्या. २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याचा संबंध घाईच्या सामूहिक खासगीकरणाशी जोडला. इतर संशोधकांनी त्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. त्या अभ्यासातली दुसरी नोंद मात्र इथे कामाची आहे. जिथे बरेच लोक कामगार संघटना, चर्च, क्लब अशा कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सदस्य होते, तिथे हा फटका खूपच कमी बसला.

पोलंडमध्ये उलटेच घडले. १९९१च्या किरकोळ घसरणीनंतर आयुर्मान वाढू लागले आणि हृदयविकाराचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. वीतोल्द झातोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात उत्तर सापडले. जुनी राजवट लोणी आणि डुकराची चरबी यांना अनुदान देई. ते बंद झाल्यावर लोक रेपसीडच्या तेलाकडे वळले आणि हिवाळ्यातही ताजी फळे मिळू लागली. भाव मोकळे करणाऱ्या अर्थमंत्र्याच्या मनात हृदयरोग मुळीच नव्हता. पण मोकळे भाव रशियातही होतेच. पोलंडमध्ये त्यासोबत बेकारभत्ता आणि निवृत्तिवेतन वेळेवर मिळत राहिले. रशियात पगार आणि पेन्शन महिनोन् महिने थकत. २०१९मध्ये पोलिश पुरुषाचे आयुर्मान ७४ होते, रशियन पुरुषाचे ६८ आणि युक्रेनियनचे ६७.

शाळांचेही असेच. १९९९मध्ये पोलंडने मुलांना व्यवसाय शाखेत टाकण्याचे वय एक वर्षाने पुढे ढकलले आणि ‘गिम्नाझ्युम’ नावाची तीन वर्षांची सामाईक शाळा आणली. २०००च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत वाचनात पोलिश मुलांना ४७९ गुण होते, विकसित देशांच्या सरासरीपेक्षा बरेच कमी. २०१२मध्ये ते ५१८ झाले, सरासरीच्या बरेच वर. सुधारणेचा सर्वाधिक लाभ मागे पडणाऱ्या मुलांना झाला. २०१७मध्ये पुढच्या सरकारने या शाळा मोडीत काढल्या.

हे चित्र फार गुळगुळीत होऊ नये. पोलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागातली सरकारी शेती १९९१च्या कायद्याने बंद झाली, तेव्हा लाखो शेतमजूर उघड्यावर आले. त्या वस्त्यांमधली गरिबी एका पिढीत हटली नाही. २००३च्या सुमारास देशातली बेकारी वीस टक्क्यांच्या घरात होती आणि २००४मध्ये युरोपीय संघाची दारे उघडताच तरुण मुले लंडन-डब्लिनला निघून गेली. युरोपीय संघात जाण्याची आशा नसती तर पोलंडच्या राजकारण्यांनी नियम पाळले असते का, हा प्रश्नही रास्त आहे. युक्रेनला ते दार तेव्हा कोणी दाखवलेच नव्हते.

आणि बेलारूसचे काय? अलेक्सांद्र लुकाशेन्को १९९४पासून सत्तेवर आहेत. ट्रॅक्टर आणि डंपर बनवणारे कारखाने सरकारीच राहिले, अब्जाधीशांची टोळी तयार होऊ दिली नाही, पगार वेळेवर मिळाले. २०००च्या दशकात बेलारूस युक्रेनपेक्षा बरा चालला होता, आणि आजही तिथला सरासरी माणूस जास्त कमावतो. चोरांची लोकशाही की शिस्तीची हुकूमशाही, असा सवाल मिन्स्कमधले लोक खुशाल टाकू शकत. पण तिथली गाडी रशियाच्या स्वस्त तेल-वायूवर चालत होती. ती सवलत आटत गेली तशी वाढ थंडावली, आणि २०२०मध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांचे म्हणणे मांडायला तुरुंगाबाहेर एकही संस्था शिल्लक नव्हती.

जॉर्जियाने एक वेगळा धडा दिला. २००४मध्ये मिखाईल साकाश्विली यांच्या सरकारने लाचखोरीसाठी कुप्रसिद्ध असलेले संपूर्ण वाहतूक पोलीस दल बरखास्त केले, नवी माणसे चांगल्या पगारावर घेतली आणि काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी बांधली. रस्त्यावरची लाच जवळजवळ संपली. आज वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीत राहणाऱ्या भारतीय मुलांना, त्यात मराठी मुलेही आली, तिथले सरकारी काम चटकन होते याचे नवल वाटते. पण न्यायालये काचेची झाली नाहीत. सप्टेंबर २०१२मध्ये ग्ल्दानी तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि लगेचच झालेल्या निवडणुकीत सरकार पडले.

युक्रेनमध्ये उशिरा का होईना, पोलंडचे पाऊल उचलले गेले ते २०१४च्या मैदान आंदोलनानंतर. स्वयंसेवकांनी उभारलेली ‘प्रोझोरो’ ही ऑनलाइन खरेदी प्रणाली ऑगस्ट २०१६पासून सर्व सरकारी खरेदीला सक्तीची झाली. कोणी किती बोली लावली हे कोणालाही घरबसल्या दिसू लागले. त्याच वर्षांत हजारो दुबळ्या ग्रामपरिषदा एकत्र करून १,४६९ ‘ह्रोमादा’ बनवल्या गेल्या. आयकरातला ६० टक्के वाटा त्यांच्याकडे आला, आणि आराखड्यात पोलिश ग्मिनांचा अनुभव उघड दिसत होता. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियन रणगाडे आत आले तेव्हा कीव्हहून आदेश यायची वाट न पाहता या ह्रोमादांनी पाणी, पाव आणि निवारा सांभाळला. मेलितोपोलचे महापौर इवान फेदोरोव यांना रशियन सैनिकांनी ११ मार्चला उचलून नेले, ते यामुळेच. शहर चालवणारा माणूस कोण, हे त्यांना कळले होते.

भ्रष्टाचाराचा तपास करणारी ‘नाबू’ ही संस्था २०१५मध्ये आणि खास भ्रष्टाचारविरोधी न्यायालय २०१९मध्ये सुरू झाले. दोन्हींसाठी युरोपीय संघाने आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रेटा लावला होता. २२ जुलै २०२५ रोजी संसदेने कायदा करून नाबूचे स्वातंत्र्य काढून घेतले आणि तिला सरकारच्या महाअभियोक्त्याच्या हाताखाली आणले. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सही केली. त्याच संध्याकाळी कीव्हमध्ये, हवाई हल्ल्यांच्या सावटात, तरुण मुले पुठ्ठ्यावर लिहिलेले फलक घेऊन जमली. युद्ध सुरू झाल्यापासून सरकारविरुद्ध एवढी मोठी निदर्शने झाली नव्हती. ब्रसेल्सनेही डोळे वटारले. ३१ जुलैला संसदेने ३३१ मतांनी नाबूचे अधिकार परत दिले.

नोव्हेंबरमध्ये नाबूने एनर्गोआटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या कंत्राटांमधली सुमारे दहा कोटी डॉलरची टक्केवारी उघड केली. कंत्राटदारांकडून बिलाच्या दहा ते पंधरा टक्के उकळले जात होते, आणि त्याच महिन्यात रशियन हल्ल्यांमुळे देशभर तासन् तास वीज जात होती. दोन मंत्र्यांची पदे गेली. २८ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख, झेलेन्स्की यांच्यानंतर देशातली सर्वांत वजनदार व्यक्ती समजले जाणारे आंद्री येर्माक, यांच्या घराची नाबूने झडती घेतली. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.